इस्त्री केलेलं भूत

आमच्या मावशीच्या मुलाने भुताचा सिनेमा काढला. तो बघून आजवर एकच माणूस घाबरलं, आणि ते म्हणजे आमची मावशी. दुसरं कुणी घाबरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लहान मुलं खिदळत बाहेर पडली. एका आजोबांना तर मध्यंतरापर्यंत छान डोळा लागला होता.

मावशीही भुताला घाबरली नाही. ती घाबरली भुताच्या अंगावरच्या कोटाला. पण हे असं मधूनच सांगून कुणाला काही कळायचं नाही, आधी मावशी कळायला हवी.

मावशीची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि वर एक लांबलचक खोली, जिथे ओले कपडे वाळत असतात. दुकानात पाऊल टाकलं की आधी तोंडावर वाफ येते, मग साबणाचा वास येतो आणि मग मावशीचा आवाज, "पाय पुसून!" माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, चेहरे तर त्याहून राहत नाहीत. तिचं सगळं कपड्यांवरून चालतं. "ती कॉलर मळवणारी येऊन गेली," "तो बाहीला तोंड पुसणारा काय म्हणत होता?" मी तिची सख्खी भाची, पण मी गेले तरी ती आधी माझ्या बाह्या बघते आणि मग कशी आहेस म्हणून विचारते.

डाग तिला बघवत नाही. बघवत नाही म्हणजे जिवाची तगमग होते अगदी. एकदा आम्ही डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोर एक अनोळखी गृहस्थ, आणि त्यांच्या शर्टावर ताज्या चहाचा ओघळ. मावशीने आधी छताकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं, मग तिचा धीर सुटला. रुमाल भिजवून आणला आणि त्या माणसाला म्हणाली, "हलू नका." त्या बिचाऱ्याला ती नर्स वाटली. तो डोळे मिटून बसून राहिला.

दुकान उभं केलं काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा एक नियम दुकानात अजून चालतो. "गिऱ्हाइकाचा कपडा हाताला लागला तेवढा पुरे, अंगाला लागता कामा नये." लॉन्ड्रीवाले लोकांचे कपडे घालून मिरवतात अशी थट्टा सगळीकडेच चालते. मावशीसमोर मात्र ती करायची सोय नाही. ती काही बोलत नाही, पण पुढच्या खेपेला तुमच्या कॉलरला खळ जरा जास्तच बसते.

दुकानात मावशीशिवाय आणखी एक माणूस आहे, इस्त्रीदादा. काकांच्या वेळचे. डावखुरे आहेत, आणि जन्मभर ती जड इस्त्री दाबून त्यांचा डावा खांदा कायमचा खाली उतरलाय. बोलणं फार कमी. सुरकुती दिसली की हात आपोआप तिकडे जातो. मावशीला डाग सहन होत नाही आणि दादांना सुरकुती. अशी ही जोडी असल्यावर दुकान चालणारच. या जोडीला घेऊन भुताचा सिनेमा काढायचं कुणाला सुचेल का? आमच्या दिग्दर्शकाला सुचलं.

दिग्दर्शक म्हणजे मावशीचा मुलगा. लहानपणी तो अंधाराला इतका भ्यायचा की न्हाणीघरात जातानासुद्धा बाहेर कुणीतरी गाणं म्हणत उभं राहावं लागायचं. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं. मोठा झाल्यावर त्याने ठरवलं की आता लोकांना घाबरवायचं. गोष्ट त्यानेच लिहिली. एका ओसाड बंगल्याचा मालक, त्याचा खून होतो, आणि मग त्याचं भूत रक्ताने भिजलेला कोट घालून फिरतं आणि भाडेकरूंचे गळे दाबतं. सिनेमाचं नाव, 'रक्ताळलेला कोट'.

ओसाड बंगला म्हणजे दुकानावरची खोली. शूटिंग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, खिडक्यांना मावशीच्या घरातली ब्लँकेटं लावून. भूत इस्त्रीदादा, कारण भुताला बोलायचं नव्हतं. प्रेत दिग्दर्शक स्वतः, कारण दुसरं कुणी इतका वेळ झोपायला तयार नव्हतं. भाडेकरूंपैकी गळा दाबून घेणारी मी. मी दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते, त्यामुळे किंचाळणं म्हणजे काय ते मला शिकवावं लागलं नाही. मी एकदाच जीव तोडून किंचाळले, आणि या शहाण्याने ती एकच किंचाळी सगळ्या सिनेमाभर वापरली. दार करकरलं तरी मी, मांजर आडवं गेलं तरी मी.

आता कोटाचं. मुळात भुताचा कोट दिग्दर्शकाने जुन्या गोणपाटाचा शिवून आणला होता. मावशीने तो बघितला आणि नवा कपडा न धुता अंगात घालू नये म्हणून संध्याकाळी भिजत घातला. सकाळी बादलीत फक्त बटणं उरली होती. कोट गाळून काढावा लागला.

तेव्हा दिग्दर्शकाची नजर पाहुण्यांच्या कपाटाकडे गेली. दुकानात एक मोठं लाकडी कपाट आहे. लोक कपडे टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. कुणी गाव सोडतं, कुणी विसरतं, कुणाला ते अंगात येईनासे होतात. दुसऱ्या लॉन्ड्रीवाल्यांनी ते केव्हाच विकले असते. मावशी त्यांना पाहुणे म्हणते. अधूनमधून बाहेर काढते, वारा देते, घडी मोडून दुसरीकडून घालते, म्हणजे एकाच जागी चीर पडत नाही. "माझे थोडेच आहेत ते?" म्हणते. "येईल माणूस."

त्या कपाटात एक राखाडी लांब कोट होता. डाव्या कोपरावर तपकिरी चामड्याचं ठिगळ, उजव्या कोपरावर काही नाही. हा कोट हेडबाईंच्या यजमानांचा. ते कोपऱ्यावरचे घड्याळजी. दिवसभर डाव्या कोपरावर रेलून घड्याळात डोकं घालून बसायचे, म्हणून एकाच कोपराला ठिगळ. कोट त्यांनी स्वतः धुवायला टाकला आणि त्याच आठवड्यात ते गेले. पुढे हेडबाई आपले कपडे घेऊन नेमाने दुकानात येत राहिल्या, पण कोटाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मावशीच्या ओठांवर कितीदा तरी यायचं, "बाई, तो कोट..." आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ती गिळून टाकायची.

हेडबाईंच्या चेहऱ्याकडे बघून भलेभले शब्द गिळतात. आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी त्या रस्त्याने निघाल्या की टोणगे बाप्येसुद्धा हातातलं लपवतात. एकदा त्यांच्या उशीच्या अभ्र्याचं एक टोक उलटं दुमडलं गेलं होतं, तर त्यांनी तो परत आणून मावशीला नुसता दाखवला. बोलल्या काही नाहीत. मावशीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अशा बाईंचा कोट. मावशी नाहीच म्हणाली. पण दिग्दर्शक दारात बसकण मारून बसला. "आई, आयुष्यात एकदा मागतोय," वगैरे. मावशी कपड्यांच्या बाबतीत दगड आणि मुलाच्या बाबतीत लोणी. शेवटी तिने मनाची समजूत घातली की बाईंना त्या कोटाची आठवणही नसेल, शिवाय त्या काही सिनेमाला जात नाहीत, आणि सिनेमे तर कुठेतरी लांबच्या गावी लागतात. तिने एकच अट घातली. संध्याकाळी कोट स्वच्छ होऊन, इस्त्री होऊन कपाटात गेला पाहिजे.

इथे सिनेमाचं भवितव्य ठरलं. ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, हा आमचा भोळेपणा.

दिग्दर्शक बीट उकळून त्याचं रक्त करायचा आणि कोटाला फासायचा. शूटिंग संपलं की मावशी ते रक्त धुऊन टाकायची. अट संध्याकाळची होती, पण तिला कुठला दम निघायला? चहाला थांबलो तरी ती कोट काढून न्यायची आणि आम्ही कप खाली ठेवेपर्यंत तो लख्ख. दिग्दर्शक नव्याने रक्त लावायचा, आणि आधी कुठे लावलं होतं ते कुणाच्याच लक्षात नसायचं. वर दादा. अंगात घालण्यापूर्वी कपड्यावरून इस्त्री फिरवायची, ही त्यांची सवय. भूत आहे म्हणून काय झालं? प्रत्येक शॉटच्या आधी ते शांतपणे खाली जायचे आणि बाह्यांना धार काढून यायचे.

मी हे सगळं डोळ्यांनी बघत होते. पण माझं लक्ष तेव्हा माझी कॉलर बरी दिसते की नाही यातच गुंतलं होतं.

आणि एके दिवशी दिग्दर्शक नाचत घरी आला. चौकातल्या थिएटरच्या मालकाने रविवारी दुपारचा एक खेळ देऊ केला होता.

"कुठल्या चौकातल्या?" मावशीने विचारलं.

"आपल्याच की! सगळ्या गल्लीला बोलावू."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिली. दिग्दर्शकाला वाटलं, आईला आनंद झाला.

त्या दिवसापासून मावशीने एकच धंदा आरंभला. येईल त्या गिऱ्हाइकाला ती सिनेमापासून परावृत्त करायला लागली. "नका येऊ हो," कपडे बांधता बांधता ती हळू आवाजात सांगायची. "फार भयंकर झालाय. मी आई असून सांगते. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे ना? मग तर नकोच." मी कपाळावर हात मारला. माणसाचा स्वभाव हिला इतक्या वर्षांत कळला नाही, कारण ही माणसांच्या फक्त कॉलरी बघत आली. सख्खी आई जातीने सांगते की येऊ नका, म्हणजे काय असेल तो सिनेमा! गल्लीत दुसरा विषय उरला नाही. कुणीतरी उठवलं की शूटिंगमध्ये खरोखर काहीतरी दिसलं म्हणे. कुणीतरी म्हणालं, इस्त्रीदादा तेव्हापासून बोलत नाहीत. दादा त्याच्या आधीही बोलत नव्हते, पण हे कुणाला आठवेना.

मग हेडबाई आल्या. मावशीने त्यांनाही सांगितलं. खरं तर त्यांनाच जास्त सांगितलं, थंडी वाजत असल्यासारखी थरथरत सांगितलं.

बाईंनी तिला चष्म्यावरून नीट बघितलं. "ताई, मी सगळी हयात सातवीच्या वर्गासमोर काढली आहे," त्या म्हणाल्या. "मला कोण घाबरवतो ते एकदा बघायचंच आहे."

त्या गेल्यावर मावशी स्टुलावर बसली. मला म्हणाली, "गेलेल्या माणसाचा कोट मी तमाशाला दिला गं. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांसमोर तो भूत होऊन नाचणार. ज्या दुकानात असं होतं ते चालू ठेवायचं तोंड मला राहील का? काल बाई काही बोलल्या ना, की मी कुलूप लावणार बघ." तिला उद्या म्हणायचं होतं. पण तिची चेष्टा करायची ती वेळ नव्हती. मावशी जे म्हणते ते करते, हे मला चांगलं माहीत आहे.

"आत्ताच सांगून टाक ना त्यांना," मी म्हटलं.

"तोंडच उघडत नाही माझं," मावशी म्हणाली.

रविवार उजाडला. थिएटर असं भरलं की मालकाने घरच्या खुर्च्या आणून लावल्या. मावशी आणि मी मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलो, कारण मावशीला दाराजवळच राहायचं होतं. दिग्दर्शकही आमच्या शेजारीच उभा होता. हेडबाई पुढे मधोमध बसल्या होत्या, त्यांचा पांढरा अंबाडा आम्हाला तिथून स्वच्छ दिसत होता. दिवे गेले. मावशीने माझं मनगट धरलं, ते सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही.

पडद्यावर ओसाड बंगला आला. "या वास्तूत गेल्या शंभर वर्षांत माणूस फिरकलेला नाही," असा दिग्दर्शकाचा घोगरा आवाज आला, आणि त्याच वेळी मागच्या भिंतीवरची पाटी सगळ्यांनी वाचली. "चिठ्ठीशिवाय कपडे मिळणार नाहीत." पाटी काढायची राहिली होती. एकजण हसला, मग दहाजण हसले. धुकं यायला लागलं. धुकं म्हणजे इस्त्रीची वाफ, ती फुस्स करून आली आणि लॉन्ड्रीत रोज जाणाऱ्या बायकांनी तो आवाज लगेच ओळखला. वटवाघूळ उडालं. तो काळा मोजा होता, आणि टाचेला भोक होतं. प्रेताचं पोट व्यवस्थित खालीवर होत होतं. शिवाय शॉट बरोबर चाललाय की नाही हे बघायला प्रेत मधूनमधून एक डोळा उघडायचं.

आणि मग भूत आलं. शंभर वर्षं मातीत पडलेलं भूत, आणि कोटाच्या बाहीची घडी अशी की विळीसारखी तिच्यावर भाजी चिरावी. छातीवर रक्त होतं. भूत जिना उतरायला लागलं आणि खाली पोचेपर्यंत रक्त गायब.

"उतरता उतरता धुऊन आलं!" कुणीतरी ओरडलं.

पुढच्या वेळी रक्त खांद्यावर निघालं. मग कुठेच नाही. मग एका बाहीवर. लोक आता रक्त कुठे निघेल यावर ओरडून पैजा मारत होते. भूत दिसलं की मागच्या पोरी एका सुरात म्हणायच्या, "चिठ्ठी दाखव!" पुढे माझा प्रसंग आला. भूत दोन्ही हात पसरून माझ्या गळ्यापर्यंत आलं. मी डोळे फिरवले होते, जीभ बाहेर काढली होती, सगळं काही केलं होतं. दादांचे हात माझ्या गळ्याशी पोचले, थबकले, आणि त्यांनी माझी दुमडलेली कॉलर नीट केली. मग गळा दाबला. थिएटरात लोक खुर्च्यांवरून घसरले. मी शेजारच्या दिग्दर्शकाकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण हसूही आवरेना. काय करणार?

मावशी हसत नव्हती. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्या अंबाड्याकडे बघत होती, आणि अंबाडा हलत नव्हता. सगळी गल्ली एका गेलेल्या माणसाच्या कोटाला हसत होती आणि त्याची बायको मध्ये ताठ बसली होती. धरणीने पोटात घ्यावं असं मावशीला वाटत असणार.

शेवटाकडे तो लांबलचक शॉट आला. भूत पाठमोरं होऊन त्या खोलीतून चालत जातं. खरं तर दोन पावलांवर कट म्हणायचं होतं, पण कट म्हणणारा माणूस त्या वेळी प्रेत होऊन पडला होता आणि त्याला खरीच झोप लागली होती. दादा आपले चालत राहिले. स्टँडवर लावलेला कॅमेरा आपला चालू राहिला. या ठिकाणी आवाज घालायचाही राहून गेला होता, माझी किंचाळीसुद्धा नाही. नुसता तो राखाडी कोट, डावा खांदा उतरलेला, कोपराला ठिगळ, हळूहळू लांब जातोय. दाराशी पोचल्यावर दादांनी सवयीने हात वर केला आणि दिवा बंद केला. उगाच वीज जळू नये म्हणून. आणि गेले.

लोक पुन्हा फुटले. "भूतसुद्धा दिवा मालवून जातं, शिका जरा!" एक बाई नवऱ्याला म्हणाली.

हेडबाई उठून उभ्या राहिल्या.

मागचे म्हणाले, "बाई, खाली बसा ना, दिसत नाही." त्यांना ऐकूच गेलं नाही. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला तरी त्या तशाच उभ्या होत्या. मग त्या वळल्या, आमच्या समोरून दाराकडे गेल्या, आणि मावशीकडे न बघता बाहेर पडल्या.

सिनेमा संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. थिएटरचा मालक दिग्दर्शकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, पुढच्या रविवारी परत लावू, इतके लोक हसताना त्याने बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते. दिग्दर्शक म्हणाला, "पण हा भुताचा सिनेमा आहे." मालक म्हणाला, "असू दे की." मावशीपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. ती घरी आली, कोट काढला, ब्रश केला, दादांनी इस्त्री केली, आणि तिने तो कागदात न गुंडाळता तसाच काउंटरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर जायच्या आधी दुकानात गेले. मला मावशीला एकटं सोडायचं नव्हतं. कुलूप खरोखरच काउंटरवर काढून ठेवलं होतं, कोटाच्या शेजारी. दुकान उघडलं आणि थोड्या वेळाने हेडबाई आल्या. हातात रोजचं गाठोडं. पाय पुसून आत आल्या.

मावशीने त्यांना बोलूच दिलं नाही. "बाई, चुकलं माझं. तुमचा कपडा मी तुम्हाला न विचारता दिला. यजमानांचा कोट, आणि मी त्याचं हसं करवलं. माफी मागायलासुद्धा..."

"आत कोण होतं?" बाई म्हणाल्या.

"अं?"

"कोटात. शेवटी तो चालत जातो तेव्हा. कोण चालत होतं?"

दादा इस्त्रीमागून बाहेर आले. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखे उभे राहिले. "मी, बाई."

"चालून दाखवा."

दादा मावशीकडे बघायला लागले. मावशी माझ्याकडे बघायला लागली. मग दादा इस्त्रीपासून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि मावशीच्या स्टुलावर बसल्या. बाईंना मी बसलेलं कधी बघितलं नव्हतं, निदान अशी सैलावून तरी नाही.

"डावा खांदा पाडून चालायचे हे," त्या म्हणाल्या. "दिवसभर त्या कोपरावर भार देऊन बसायचं, मग दुसरं काय होणार? आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचे. मी आत बसलेली असले तरी मालवायचे. मी अंधारात ओरडायची."

इस्त्रीने एकदा फुस्स केलं.

"कोट मला आठवत नव्हता असं नाही, ताई," बाई म्हणाल्या. "मुद्दामच नेला नाही. घरी नेला असता तर खुंटीला टांगून राहिला असता नुसता. तुमच्याकडे होता तोवर वाटायचं, धुवायला टाकलाय त्यांनी. येताना घेऊन येतील." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काल तो चालला. सगळे हसत होते आणि हे आपले चालले होते. मला इतकं बरं वाटलं ना, मला तिथे बसवेचना. घरी जाऊन मी खूप रडले आणि मग पोटभर जेवले."

मावशीचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, कारण तिला एकदम हुंदका आला आणि हसूही आलं, आणि ते पुसायला तिने जवळचं फडकं घेतलं तर ते बाईंच्या गाठोड्यातलं निघालं. तिने ते लगेच धुवायच्या टोपलीत टाकलं. काउंटरवरचं कुलूप मी हळूच खणात सरकवलं.

तेवढ्यात आतून दिग्दर्शक आला, केस विस्कटलेले, रात्रभर रुसून झोपलेला. बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि तो शेवटचा भाग परत दाखवायला सांगितला. त्याने फोनवर लावून दिला. त्यांनी तो परत बघितला, मग परत बघितला.

"आवाज घालायचा राहिलाय तिथे," दिग्दर्शक ओशाळून म्हणाला. "आणि शॉट जरा लांबलाय. कापून टाकणार आहे मी."

"हात लावायचा नाही त्याला," बाई म्हणाल्या, अगदी सातवीच्या वर्गातल्या आवाजात. "भुताचा सिनेमा म्हणून तू नापास आहेस. एकही माणूस घाबरलं नाही. पण एवढा भाग तुला चांगला जमला." मग त्यांनी काउंटरवरचा कोट त्याच्याकडे सरकवला. "पुढच्या सिनेमात वापर. भुताला मात्र देऊ नकोस आता. जिवंत माणसाला घाल."

दिग्दर्शक कोट हातात घेऊन उभा राहिला. बाई उठल्या, त्यांनी मागच्या आठवड्याचे धुतलेले कपडे मागितले. गठ्ठा मोठा होता, तेव्हा दादा पोचवायला येतो म्हणाले. बाहेर गार वारा सुटला होता आणि दादा नुसत्या बनियनवर होते.

"कोट घाला," बाई म्हणाल्या.

दादांनी मावशीकडे बघितलं. काकांचा नियम त्यांच्याही हाडीमांसी मुरलेला. मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "घाला, दादा. ज्यांचा आहे त्याच सांगताहेत."

दादांनी कोट घातला, गठ्ठा उचलला आणि बाईंच्या मागून निघाले. आम्ही तिघं दारात उभे राहून बघत होतो. हेडबाईंच्या सोबत चालायचं म्हणजे काय याची जाणीव दादांना चार पावलांवर झाली असावी. त्यांनी कसाबसा डावा खांदा वर ओढला आणि छाती काढून ताठ चालायला लागले.

बाई थांबल्या. मागे वळल्या.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "वाकडेच चाला."